लिसिआसच्या समासातले वाचक : प्रकल्प नोंदी

३ जून

पुस्तक आज माझ्या टेबलावर आलं. व्हेनिस, १५१३. आल्दुस मानुतिउसच्या छापखान्यातला ग्रीक वक्त्यांचा संग्रह. फोलिओ, म्हणजे मोठा आकार, अठराव्या शतकातली तपकिरी चामड्याची बांधणी, कण्याचं वरचं टोक निघालेलं. मूळ संग्रह तीन भागांचा आहे. आमच्या प्रतीत पहिले दोनच एकत्र बांधलेत. एस्किनिस, लिसिआस वगैरे पहिल्यात. आंदोकिडिस, इसायोस, अँटिफोन, लायकर्गस वगैरे दुसऱ्यात. आयसोक्रेटिसचा तिसरा भाग कुणीतरी वेगळा ठेवला किंवा विकला.

काम असं : या प्रतीच्या मालकांचा माग काढून ग्रंथालयाच्या सूचीत नोंद करायची. सहा आठवडे मिळालेत. जुन्या कार्डावर एकच ओळ आहे : 'जुनी टिपणं, कडा कापलेल्या.' ही ओळ लिहिणाऱ्यानं पुस्तक उघडून पाहिलं होतं, हे नक्की. पण तो तिथेच थांबला. मला तिथून पुढे जायचंय.

पेन, पाण्याची बाटली, हँडक्रीम सगळं बाहेर. पेन्सिल, मोजपट्टी, भिंग, फोमचे उतार आणि पानं दाबून ठेवायला मण्यांनी भरलेली कापडी वळी, एवढंच आत.

५ जून

पानं जुळवली. फर्म्यांच्या, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या जुड्यांच्या, खालच्या अक्षरांवरून एकेक पान तपासायचं, कुठलं गेलं, कुठलं उलटसुलट बांधलं ते पाहायचं. सगळी पानं आहेत. पहिल्या फर्म्याला खालच्या कोपऱ्यात कसर लागलेली. भोकं आठव्या पानापर्यंत लहान होत जातात आणि थांबतात.

छपाईबद्दल थोडं. कांब्रेच्या आघाडीनं व्हेनिसवर युद्ध लादलं तेव्हा, १५०९ मध्ये, आल्दुस शहर सोडून गेला. छापखाना बंद. १५१२ मध्ये तो परतला आणि पुढच्याच वसंतात त्यानं हे वक्ते छापले. त्याच वर्षी सप्टेंबरात प्लेटोची ग्रीक समग्र आवृत्ती, छापील स्वरूपात पहिलीच. फेब्रुवारी १५१५ मध्ये तो वारला. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस, तीन वर्षांचा खंड, भोवती युद्ध, आणि परतल्यावर हे काम. डेमोस्थेनिस त्यानं १५०४ मध्येच छापला होता. आयसोक्रेटिस त्याच्याही आधी, १४९३ मध्ये, मिलानला खाल्कोंडिलिसनं संपादून छापला होता. पण लिसिआस, इसायोस, अँटिफोन यांची भाषणं छापील रूपात पहिल्यांदा दिसली ती या १५१३ च्या पुस्तकात. त्याआधी ती वाचायची तर हस्तलिखित असलेल्या माणसाच्या दारात जाऊन उभं राहावं लागे.

८ जून

बाबांना व्हिडिओ कॉलवर पानाचा फोटो दाखवला. बाबा पुण्यात पेठेतल्या एका छापखान्यात ३१ वर्षं जुळारी, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणारे, होते. ग्रीक एक अक्षर येत नाही त्यांना. आल्दुसचे ग्रीक खिळे त्या काळच्या ग्रीक हस्ताक्षरावर बेतलेले. अक्षरं एकमेकांत गुंफलेली, 'आणि' या अर्थाच्या शब्दाला एकच वळणदार खूण, वर स्वराघात आणि श्वासचिन्हं.

बाबा म्हणाले, "ही तर जोडाक्षरं. मात्रा-वेलांट्यासुद्धा आहेत. केसमध्ये खाने किती असतील गं याच्या?"

मग त्यांनी फोटो मोठा करायला सांगितला. दोन शब्दांच्या मध्ये एक उभा काळा ठिपका होता. मला तो शाईचा डाग वाटला होता. "डाग नाही. स्पेस वर आलीय. खिळ्यांचा फर्मा नीट आवळला नाही की स्पेस वर सरकते, मग शाई लागते तिला. मालक ओरडायचे आम्हाला."

स्पेस म्हणजे शब्दांमध्ये जागा सोडायला घालायचा कोरा खिळा. हे मी नोंदीत घातलं. हा ठिपका कुठल्या वाचकानं केलेली खूण नाही, हे माहीत असणं माझ्या कामात फार महत्त्वाचं आहे. तसे आणखी सात सापडले. मी त्यातले चार आधी 'वाचकाची खूण' म्हणून मोजून बसले होते. ते आज खोडले.

११ जून

प्रतीवरच्या खुणा, जशा दिसल्या तशा :

शीर्षकपानावर वरच्या बाजूला खरवडलेली जागा. कागद तिथे पातळ झालाय, उजेडापुढे धरला की दुधाळ दिसतो. पुढच्या पुठ्ठ्याच्या आत चौकोनी डिंकाचा डाग. तिथे एकेकाळी मालकाचं छापील नावपत्र होतं, ते सोलून काढलंय. मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीत अक्षरांची एक ओळ; ती पुस्तकविक्रेत्याची किमतीची सांकेतिक खूण. समासात दोन वेगळी हस्ताक्षरं. एक बारीक, तपकिरी शाईतलं, ग्रीक आणि लॅटिन दोन्ही. दुसरं मोठं, काळसर, फक्त लॅटिन, आणि तेही फक्त लिसिआसच्या पहिल्या भाषणाजवळ. पहिल्याला 'क', दुसऱ्याला 'ख' म्हणतेय.

खरवडलेलं, सोललेलं, कापलेलं. प्रत्येक नव्या मालकानं आपल्या आधीच्याला पुसलंय. जुन्या पुस्तकांच्या व्यापारात हे इतकं सर्रास चाले की सूचीकारांना त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. कुणी पाटी पुसून कोरी केली तर समजू शकते, पण इथे एका माणसानं बसून, चाकूच्या टोकानं, दुसऱ्या माणसाचं नाव कागदातून काढलंय.

१४ जून

अतिनील दिवा मिळाला. खोली अंधारी केली. जुनी लोहशाई या उजेडात गडद दिसते, वरची शाई गेली तरी कागदात मुरलेली उरते.

शीर्षकपानावर नाव उमटलं नाही. खरवडणाऱ्यानं तिथे जोर लावला होता. पण उजवीकडे त्याचा हात हलका झाला, आणि तिथे दोन शब्द अगदी स्वच्छ दिसले : एत अमिकोरुम. 'आणि मित्रांचं.'

माझे हात थरथरले. कारण ही शब्दजोडी कुणाची, ते या कामातल्या सगळ्यांना पाठ असतं. जाँ ग्रोलिए, फ्रान्सच्या राजाचा खजिनदार, मिलानला काही वर्षं होता, आल्दुसच्या घराण्याचा आश्रयदाता, १५६५ मध्ये वारला. त्याच्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत असे : 'जाँ ग्रोलिएचं आणि त्याच्या मित्रांचं.' एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती त्यानं घेतल्या होत्या. मी मसुद्यात लगेच लिहिलं : 'बहुधा ग्रोलिए.'

१५ जून

रात्रभर ते वाक्य डोक्यात. सकाळी आल्या आल्या खोडलं.

ग्रोलिएनंतर, आणि त्याच्याच काळात, हे शब्द वापरणारे बरेच होते. ब्रुजेसचा मार्कस लाउरिनुस, इंग्लंडमधला थॉमस वॉटन. न्यूरेम्बर्गच्या पिर्कहाइमरच्या नावपत्रावर, जे त्याला चित्रकार ड्युररनं काढून दिलं, 'स्वतःसाठी आणि मित्रांसाठी' असंच होतं. त्या काळातली ती एक रीत होती : पुस्तक माझं, पण माझ्या ओळखीच्या वाचणाऱ्या माणसानं मागितलं तर त्याचंही. हजार ठिकाणी हाताने लिहिलेली सापडते. दोन शब्दांवरून मालक ठरत नाही. मोठं नाव लागलं तर प्रतीची किंमत वाढते, प्रकल्पाचं वजन वाढतं, हे सगळं माझ्या मनात त्या क्षणी होतं. म्हणूनच तो शब्द मसुद्यात राहू देणं चूक होतं.

नोंद : 'नाव खरवडलेलं, "...आणि मित्रांचं" एवढंच अतिनील प्रकाशात वाचता येतं.'

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. नाव गेलं, मित्र राहिले.

१९ जून

आज 'क'ची टिपणं वाचली. दिवसभर. सगळ्यात दाट आहेत ती लिसिआसच्या बाराव्या भाषणापाशी, एरातोस्थेनिसविरुद्धच्या.

ज्यांनी हे वाचलं नाही त्यांच्यासाठी : लिसिआस दुसऱ्यांसाठी भाषणं लिहून देणारा. अथेन्सला राहणारा, पण नागरिक नव्हे, उपरा. त्याची आणि भाऊ पोलेमार्खस याची ढालींची कार्यशाळा होती, १२० गुलाम कामाला. इसवीसनापूर्वी ४०४ मध्ये अथेन्स स्पार्टाविरुद्धचं युद्ध हरलं आणि तीस जणांच्या टोळीनं सत्ता घेतली. पैसा हवा म्हणून त्यांनी श्रीमंत उपऱ्यांना पकडायचं ठरवलं. लिसिआस पाहुण्यांना जेवू घालत असताना माणसं घरात शिरली. पाहुण्यांना हाकललं आणि लिसिआसला त्या तिसांपैकी एकाच्या, पीसोनच्या, ताब्यात दिलं. लिसिआसनं पीसोनला विचारलं, पैसे घेऊन सोडशील का? एका टॅलंटवर, म्हणजे चांदीच्या एका मोठ्या वजनावर, ठरलं. पीसोननं स्वतःच्या आणि पोरांच्या नावानं शपथ घेतली. मग लिसिआसनं आतल्या खोलीत जाऊन पेटी उघडली, आणि पीसोन मागोमाग आत आला.

पेटीत काय होतं, ते लिसिआस न्यायसभेपुढे मोजून सांगतो. तीन टॅलंट चांदी, किझिकसची ४०० नाणी, १०० दारिक (इराणी सोन्याची नाणी), चार चांदीच्या वाट्या. पीसोननं सगळं घेतलं. लिसिआस म्हणाला, वाटखर्चापुरतं तरी दे. उत्तर मिळालं, जीव वाचला तरी खूप समज.

या ओळींशेजारी 'क'नं समासात चार अक्षरं एकाखाली एक लिहिलीत : गॅमा, उप्सिलॉन, ऱ्हो, डेल्टा. ग्रीक अंकगणनेत तीन, चारशे, शंभर, चार. पेटीची यादी. प्रत्येकापुढे बारीक आडवी रेघ. घरातल्या चीजवस्तूंची यादी करावी तशी.

पुढे लिसिआस मागच्या दारानं निसटतो. तीन दारं पार करायची होती, तिन्ही उघडी निघाली. रात्री समुद्रमार्गे मेगाराला. भाऊ मात्र तिसांपैकी एकाच्या, याच एरातोस्थेनिसच्या, हाती सापडला. त्याला खटल्याविना विषाचा पेला पाजला. पोलेमार्खसच्या बायकोच्या कानातल्या सोन्याच्या कुड्या तिसांपैकीच मेलोबियसनं घरात शिरल्या शिरल्या ओरबाडल्या. 'क'नं त्या ओळीखाली दोनदा रेघ ओढलीय. दुसऱ्यांदा निब कागदात रुतलंय; बोट फिरवलं की खाच लागते.

२० जून

'कडा कापलेल्या' म्हणजे काय, ते आज मोजलं.

अठराव्या शतकातल्या बांधणाऱ्यानं पुस्तक नव्यानं शिवलं आणि कडा सरळ करायला शिकंज्यात धरून तासल्या. समासातले शब्द अर्धे गेले. प्रत्येक ओळीची शेवटची दोन-तीन अक्षरं, कुठे आख्खा शब्द. कोरी, चकचकीत कड हवी होती. आत कुणी काय विचार केला, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. राग येतो. हे लिहिताना येतोय.

पण एका पानावर तो थांबला होता. आंदोकिडिसविरुद्धच्या, लिसिआसच्या नावे असलेल्या भाषणाच्या सुरुवातीला 'क'चं टिपण इतकं बाहेरपर्यंत गेलं होतं की त्यानं ती पट्टी कापण्याऐवजी आत दुमडली. मला ती आधी फाटलेल्या पानाची दुरुस्ती वाटली. जतन विभागातल्या सहकाऱ्यानं हाडाच्या पट्टीनं, श्वास रोखून, ती उलगडली. १४ मिलिमीटर. म्हणजे मूळ समास इतका जास्त रुंद होता. बाकीच्या प्रत्येक पानावरून निदान एवढं गेलंय.

पट्टीवर एकच ग्रीक शब्द पूर्ण : लेइपेइ. उणं आहे. इथलं काही हरवलंय.

बरोबर आहे त्याचं. या भाषणाची सुरुवात जगात कुठेच नाही.

२४ जून

का नाही, त्याची गोष्ट लिहून ठेवते, कारण मालकांचा माग काढायचा तर तो छापखान्यापाशी थांबत नाही.

लिसिआसची भाषणं बाराव्या शतकातल्या एका हस्तलिखितातून आपल्यापर्यंत आली. त्याला पॅलॅटिनुस ८८ म्हणतात. त्यातला एक फर्मा केव्हातरी निसटला. पाचव्या भाषणाचा शेवट आणि सहाव्याची सुरुवात त्याच्याबरोबर गेली. पुढे आणखी एका ठिकाणी पानं गेली आणि एक आख्खं भाषण गेलं. पहिली दोन भाषणं सोडली तर लिसिआसची बाकीची सारी हस्तलिखितं याच एका पोथीची लेकरं आहेत, हे १८४१ मध्ये जर्मन पंडित हेरमान साउप्पनं दाखवलं. त्याआधी कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे 'क'ला, शेकडो वर्षं आधी, केवळ वाक्यांच्या ओघावरून जाणवलं की तुटलंय.

ती पोथी स्वतः किती हिंडली. हायडेलबर्गच्या राजसंग्रहात होती. तीस वर्षांच्या युद्धात, १६२२ मध्ये, शहर पडलं आणि आख्खा संग्रह पोपला भेट म्हणून रोमला गेला. नेपोलियनच्या काळात निवडक पोथ्या पॅरिसला. त्याच्या पाडावानंतर, १८१६ मध्ये, परत हायडेलबर्गला. लुटलेल्या माणसाचं भाषण, आणि त्याची पोथीही युद्धातली लूट.

२६ जून

दुसऱ्या भागातल्या वक्त्यांची पोथी वेगळी. अँटिफोन, आंदोकिडिस, इसायोस, डायनार्कस, लायकर्गस यांचं मुख्य हस्तलिखित ग्रीसमधल्या एथोस पर्वतावरच्या वातोपेदी मठातलं. फ्लोरेन्सच्या लोरेन्झो दे मेदिचीसाठी ग्रीक पंडित यानुस लास्कारिस १४९१-९२ मध्ये पूर्वेकडे पोथ्या शोधत फिरला आणि एथोसहून यांचा मजकूर इटलीत आला. आल्दुसनं प्रस्तावनेत त्याचे आभार मानलेत. मठातली ती पोथी पुढे क्रिप्स नावाच्या इंग्रज प्रवाशानं विकत घेतली आणि ती चार्ल्स बर्नीकडे गेली.

हा बर्नी म्हणजे आमच्या विषयातला सगळ्यात अस्वस्थ करणारा मालक. १७७७ मध्ये, केंब्रिजला विद्यार्थी असताना, विद्यापीठाच्या ग्रंथालयातली अभिजात लेखकांची पुस्तकं चोरताना सापडला. आतली विद्यापीठाची चिन्हं काढून तिथे स्वतःची लावलेली होती. घालवून दिलं त्याला. पुढे तोच इंग्लंडमधला नावाजलेला ग्रीक पंडित झाला, शाळा चालवली, आयुष्यभर पुस्तकं जमवली. २८ डिसेंबर १८१७ ला वारला. पार्लमेंटनं त्याचा संग्रह १३,५०० पौंडांना देशासाठी घेतला, आणि वातोपेदीची पोथी ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे.

१८१७ चं साल दिसलं आणि मी थबकले. त्याच्या सात-आठ आठवडे आधी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. पुण्यात संगमावरची रेसिडेन्सी पेटली, आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह आणि कागदपत्रं तिच्याबरोबर जळली. पहाटे उठून ग्रीक वाचणारा माणूस तो. त्या राखेत कुठले ग्रंथ होते, ते सांगणारं शीर्षकपानही उरलं नाही. मी शाळेत जाताना रोज संगमावरून जायचे. लढाईची तारीख पाठ होती, पुस्तकांचं कुणी सांगितलं नव्हतं.

२ जुलै

'ख'ची टिपणं. फार नाहीत, अकरा. एरातोस्थेनिसच्या खुनाविषयीचं पहिलं भाषण (हा एरातोस्थेनिस वेगळा). युफिलेटोस नावाचा साधा गृहस्थ सांगतोय की बायकोच्या प्रियकराला त्यानं का मारलं. घर दोन मजली. बायका वर, पुरुष खाली. बाळ झाल्यावर, अंघोळीसाठी आईला जिन्यावरून उतरावं लागू नये म्हणून त्यानं मजले बदलले. रात्री दार कुरकुरलं. सकाळी विचारलं तर ती म्हणाली, बाळाजवळचा दिवा विझला होता, शेजाऱ्यांकडून पेटवून आणला.

'ख'नं समासात दोन चौकोन काढलेत, एकावर एक, मध्ये तिरकी जिन्याची रेघ. घर समजून घ्यायला. बस. मला हा माणूस आवडला.

९ जुलै

आज एक अडचण. सूचीच्या प्रणालीत 'पूर्वीचा मालक' या रकान्यात नाव लागतं. नाव नसेल तर नोंद शोधात येत नाही. 'क' आणि 'ख' वर्णनाच्या परिच्छेदात गेले की कुणालाही सापडणार नाहीत. मी वरिष्ठांकडे गेले. म्हटलं, या प्रतीत नाव लावणाऱ्या प्रत्येकाचं नाव पुढच्यानं काढून टाकलंय. टिकलाय तो फक्त वाचणाऱ्यांचा हात. तो रकान्याबाहेर ठेवला तर चाकू चालवणाऱ्याचंच काम आपण पुरं करू.

त्यांनी ऐकून घेतलं, पुस्तक मागवलं, दुमडलेली पट्टी स्वतः पाहिली. परवानगी मिळाली : 'अज्ञात वाचक, सोळावं शतक, ग्रीक-लॅटिन हस्ताक्षर', सोबत छायाचित्रं आणि पानांचे क्रमांक, म्हणजे हेच हस्ताक्षर दुसऱ्या ग्रंथालयात कुणाला दिसलं तर ताडून पाहता येईल.

१६ जुलै

छायाचित्रं पूर्ण, ६८. पट्टी उलगडून फोटो घेतला आणि जुन्याच घडीवर परत दुमडली. सपाट करायची नाही, असं ठरलं; घडीही इतिहासाचा भाग आहे.

१८ जुलै

शेवटचं राहिलेलं पान आज केलं. पोलेमार्खसचा अंत्यविधी. घरच्यांची तीन घरं होती, एकातूनही प्रेत काढू दिलं नाही. भाड्यानं खोपट घेऊन तिथे ठेवलं. कपडे भरपूर होते, मागूनही दिले नाहीत. मग मित्रांपैकी कुणी एकानं अंगावरचं वस्त्र दिलं, कुणी उशी दिली, ज्याच्याकडे जे होतं ते.

'क'ची पुस्तकातली शेवटची खूण इथे आहे. समासात एक शब्द, कापलेला. उरलंय ते फक्त 'फिल'. त्या ओळीतला ग्रीक शब्द पाहता तो 'फिलोन', मित्रांपैकी, असाच असणार.

अर्थातच शीर्षकपान आठवलं. 'आणि मित्रांचं.' तोच माणूस असेल का? दोन्ही फोटो शेजारी लावून तासभर बसले. वर लॅटिन, खाली ग्रीक. सामाईक म्हणावं असं एकही अक्षर नाही. शाईचा रंग जवळचा, पण खरवडल्यावर शाईच्या रंगावर विसंबता येत नाही. 'क'ची लॅटिन टिपणं काढून ताडली. 'म' आणि 'र'चं वळण जुळतं, 'त'चं नाही.

दोन वेगळ्या नोंदी केल्या. एकमेकींचा उल्लेख दोन्हींत घातला, 'संबंध सिद्ध नाही' असं लिहून. बाबांना 'फिल'चा फोटो पाठवला. ते म्हणाले, "कापणाऱ्यानं दोन सूत अलीकडे धरलं असतं तर?"

पुस्तक चारच्या ट्रॉलीनं खाली गेलं.